नागपूरचा वसंत फिल्मवर: पळस, ऊन आणि छत्तीस फ्रेम

प्रश्न: मी नागपुरात शिकतो. घरातला जुना ३५ मिमीचा एसएलआर कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स हाती आली आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रानफुलं टिपायची आहेत. फिल्म कोणती घेऊ, जाऊ कुठे, आणि ब्लॅक अँड व्हाइट रोल खोलीवरच धुता येईल का? पहिल्या रोलमध्ये पळसाची फुलं म्हणजे नुसते सपाट केशरी ठिपके आले, असं का झालं?

उत्तर: सुरुवात अपेक्षेपासून करू. रानफुलं म्हटलं की गवतात पसरलेला रंगीत गालिचा डोळ्यांपुढे येतो. विदर्भात तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसतो. वसंतात इथली जमीन वाळलेली असते आणि फूल झाडावर असतं, तेही बहुतेक पानं गळलेल्या झाडावर. म्हणजे फूल तुमच्या डोक्यावर आणि त्याच्या मागे लख्ख आभाळ. लेन्स, वेळ, एक्स्पोजर या सगळ्याचा विचार इथून सुरू करायचा. तुमच्या सपाट ठिपक्यांचं मूळही बरंचसं यातच आहे.

बहराचा क्रम लक्षात असला की रोल वाया जात नाहीत. जानेवारीअखेरपासून काटेसावर फुलते, मोठी मांसल लाल फुलं. पाठोपाठ पांगारा आणि पळस. पळसाचा खरा जोर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, शिमग्याच्या आगेमागे असतो. याच सुमारास खडकाळ उतारांवर गणेर, म्हणजे सोनसावर, पानाविना पिवळीधमक दिसते आणि ओढ्याकाठी धायटीच्या फांद्या बारीक लाल नळ्यांनी भरतात. मार्चमध्ये कुसुमाची नवी पालवी लाल येते. ते फूल नसलं तरी रंगीत फिल्मवर तिच्याइतकं देखणं फार थोडं येतं, विशेषतः सूर्य पानामागे असताना. मार्च-एप्रिलमध्ये मोह, आणि एप्रिलपासून बहावा. बहाव्यासाठी रानात जायची गरज नाही, शहरातल्या रस्त्यांवर आणि बागांमध्ये तो भेटतो.

जमिनीवर काहीच नसतं असंही नाही. पडीक जागी पिवळा धोत्रा, रुई आणि काटेरी पानांची जांभळी भुईरिंगणी फुललेली असते. तलावाचं पाणी मागे सरून जो गाळ उघडा पडतो त्यावर गोरखमुंडीचे जांभळे गोंडे येतात. विद्यार्थ्याला ही जमिनीवरची फुलं फार सोयीची. सायकलवर जाता येतं, खर्च नाही, आणि फूल डोळ्यांच्या पातळीवर येतं, फक्त गुडघे टेकायची तयारी हवी.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे: दर आठवड्याला नवीन ठिकाण शोधण्यापेक्षा दोन-तीन झाडं निवडा आणि कळीपासून शेंगेपर्यंत त्यांच्याकडेच जा. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीचा परिसर यासाठी पुरेसा आहे. उताराचा फायदा घ्या. झाड खाली आणि तुम्ही वर असाल तर शेंडा समोर येतो आणि मागे आभाळाऐवजी दुसऱ्या उताराची सावली येते. उंचावरच्या फुलांची अर्धी अडचण तिथेच सुटते. एखाद्या रविवारी एसटीने रामटेकला जा. गडाच्या वाटेवरून खाली झाडांचे शेंडे दिसतात आणि नागपूर-रामटेक पट्ट्यात पळस भरपूर आहे. गडावर माकडं आहेत, खाऊची पिशवी आणि कॅमेऱ्याची पिशवी वेगळी ठेवा. पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा गोरेवाड्यात वनखात्याच्या परवानगीने आणि ठरलेल्या वाटेनेच फिरायचं. फुलासाठी गाडीतून उतरणं किंवा वाट सोडून झुडपात शिरणं नको, तिथे वाघ-बिबट्यांचा वावर आहे. मोहाखाली पहाटे वेचणारी माणसं असतात. त्यांनी झाडाखालची जागा झाडून साफ केलेली असते आणि ती फुलं म्हणजे त्यांची कमाई. आधी विचारा, पडलेल्या फुलांवर पाय देऊ नका. मोहाची फुलं पहाटे गळतात, त्यामुळे आठनंतर पोचलात तर मोकळी जमीन दिसेल.

निघण्याआधी कॅमेरा तपासा. मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबा. इथल्या उन्हाळ्यात जुन्या फोमचं चिकट डांबर होतं आणि फटीतून प्रकाश शिरून फ्रेमवर केशरी पट्टे उमटतात. लेन्स काढून छिद्राची पाती बघा. उष्णतेने वंगण पातळ होऊन पात्यांवर आलेलं असेल तर ती सावकाश मिटतात आणि फ्रेम जास्त उजळ येते. लेन्समधून टॉर्च मारून कोळिष्टकासारखी बुरशी आहे का पाहा. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर तपासायला फोनवरचं लाइट मीटर अ‍ॅप चालेल. सकाळी दहाच्या स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे फिल्म किती प्रकाशसंवेदी आहे त्याचा आकडा) शटर १/१२५ सेकंद आणि छिद्र एफ/१६ च्या आसपास आकडा यायला हवा. काही जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीसाठी बनलेले असतात. त्यात १.५ व्होल्टचा सेल घातला की मीटर चुकतं आणि बहुधा फ्रेम काळपट येतात. अशा वेळी मीटरवर विसंबूच नका, अ‍ॅप वापरा.

फिल्म. रंगीतसाठी कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २०० पुरे. दोन्हींना कॅमेऱ्यावर आयएसओ १०० लावा, म्हणजे एक स्टॉप जास्त, म्हणजेच दुप्पट प्रकाश मिळेल. रंगीत निगेटिव्ह जास्त प्रकाश सहज सोसते. कमी प्रकाशात मात्र सावल्या चिखलासारख्या आणि दाणेदार होतात. झाडीतल्या सावलीसाठी ४०० ची फिल्म. ब्लॅक अँड व्हाइटला इल्फर्ड एचपी५ प्लस ही शिकणाऱ्याची खरी मैत्रीण, तिच्यात चुका पोटात घालायची ताकद आहे. स्वस्तात मिळणारे काही रोल सिनेमाच्या फिल्मचे तुकडे भरून केलेले असतात. त्यांच्या पाठीवर काजळीचा थर असेल तर साधी लॅब ते घेत नाही, आणि चुकून धुतले तर तो थर लॅबच्या द्रावणात उतरून दुसऱ्यांचे रोल बिघडतात. विकत घेताना स्पष्ट विचारा.

आता तुमचे ठिपके. यात तीन कारणं एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिलं मीटरचं. मध्यभागाला जास्त वजन देणारं मीटर पळसाकडे रोखलं की त्याला फुलांपेक्षा आभाळ जास्त दिसतं. मीटर समोर जे दिसेल ते मध्यम राखाडी धरतं; उजळ आभाळही त्याला तसंच करायचं असतं, म्हणून ते प्रकाश एक ते दोन स्टॉप कमी देतं. उपाय सोपा आहे. झाडावर पडतंय त्याच उन्हात तळहात धरा, फक्त तळहात दिसेल इतकं जवळून मीटर घ्या आणि एक स्टॉप जास्त द्या, कारण तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एवढा उजळ असतो. तळहातावर १/२५० आणि एफ/११ आलं तर १/२५० आणि एफ/८ लावा. मग कॅमेरा झाडाकडे वळवल्यावर सुई काहीही सांगो, आकडे बदलू नका. नेमकी इथेच बहुतेकांची हिंमत सुटते.

दुसरं कारण उन्हाची दिशा. पळसाच्या पाकळीवर बाहेरून रेशमी लव असते. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर ती दिसत नाही आणि फूल रंगाचा गोळा होऊन जातं. सूर्य बाजूला घेतला की लव चमकते, पाकळीची चोच आणि मखमली काळपट देठकोश (पाकळ्यांखालची वाटी) वेगळे दिसतात. सूर्य फुलामागे असेल तर पाकळी दिव्यासारखी पेटते, पण मग तळहातही सावलीत धरून मीटर घ्यायचं आणि लेन्सवर ऊन येऊ नये म्हणून हूड किंवा दुसरा हात आडवा धरायचा. नागपुरात मार्चच्या मध्याला सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. पावणेसात ते साडेआठ ही कामाची वेळ. त्यानंतर ऊन वरून पडतं, धुळीने आभाळ पांढुरकं होतं आणि वारा सुटतो. निळं आभाळ हवं असेल तर सकाळी पश्चिमेकडे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला बघा.

तिसरं कारण लॅबमधलं, आणि ते विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा सरासरी रंग राखाडीकडे ओढतो. अख्खी फ्रेम केशरी असेल तर तो केशरी कमी करतो, मग फुलं फिकी आणि फांद्या निळसर होतात. उलट कॉन्ट्रास्ट वाढवला की स्कॅनमधला लाल रंग कमाल मर्यादेला टेकतो आणि पाकळीतला तपशील पुसला जातो. निगेटिव्हमध्ये तो बहुधा शाबूत असतो. म्हणून रोलची पहिली फ्रेम त्याच उन्हात धरलेल्या राखाडी कार्डाची घ्या. लॅबला लिहून द्या की आपोआप रंगदुरुस्ती आणि कॉन्ट्रास्ट बंद ठेवा, त्या फ्रेमवर रंग जुळवा, तेच सगळ्या रोलला लावा आणि स्कॅन टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये) द्या. तुमची पहिली निगेटिव्ह टाकू नका. ती खिडकीच्या उजेडात भिंगाखाली धरा. पळसाच्या गडद जागी पाकळ्यांच्या रेषा दिसल्या तर पुन्हा स्कॅन करून फोटो वाचतो.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हाच पळस वेगळा प्रश्न घेऊन येतो. फिल्टरशिवाय केशरी पाकळी मध्यम राखाडी होते आणि आभाळ पांढरं. नारंगी फिल्टर लावला की पाकळी उजळते, निळं आभाळ गडद होतं आणि काळा देठकोश उठून दिसतो. पळसासाठी माझी शिफारस हाच फिल्टर, आणि जवळ एकच फिल्टर ठेवायचा असला तरी हाच. हिरवा फिल्टर नको, त्याने पाकळी आणि देठकोश दोन्ही काळे होऊन मिसळतात. कॅमेऱ्यातलं मीटर लेन्समधून बघत असेल तर फिल्टरचा प्रकाश ते स्वतःच बराचसा मोजतं. अ‍ॅपने मोजत असाल तर पिवळ्याला एक आणि नारंगीला साधारण दीड स्टॉप जास्त द्या.

जवळून टिपायचं गणित: ५० मिमी लेन्स साधारण ४५ ते ६० सेंमीपर्यंतच फोकस होते. ४५ सेंमीवर फ्रेममध्ये सुमारे २४ बाय १६ सेंमीचा भाग मावतो. पळसाच्या तुऱ्याला तो ठीक, गोरखमुंडीच्या गोंड्याला अजिबात पुरत नाही. २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी घ्या. लेन्स अनंतावर ठेवली तर फिल्मवरची प्रतिमा फुलाच्या निम्म्या आकाराची येते आणि फ्रेममध्ये ७२ बाय ४८ मिमी मावतं. यात सव्वा स्टॉपच्या आसपास प्रकाश जातो. कॅमेऱ्यातलं मीटर तो धरतं, अ‍ॅप धरत नाही. या अंतरावर एफ/८ ला जेमतेम ३ मिमी खोली स्पष्ट येते आणि एफ/१६ ला सुमारे ६ मिमी. म्हणून फोकसची रिंग फिरवत बसू नका. रिंग पक्की ठेवा, कोपर गुडघ्यावर टेका आणि स्वतः किंचित पुढेमागे होत परागकोश स्पष्ट दिसला की बटण दाबा. शटर १/१२५ पेक्षा हळू नको, फूल वाऱ्याने हलतंच. ट्यूब परवडत नसेल तर लेन्सवर बसणारी +२ डायॉप्टरची क्लोज-अप काच स्वस्त पडते. कडा थोड्या मऊ येतात, पण शिकायला पुरेशी आहे. यशिका एमएफ-२ सारख्या स्थिर फोकसच्या कॅमेऱ्याने मात्र जवळचं फूल येणार नाही, त्याने पूर्ण झाड टिपा.

उष्णता हा इथला खरा शत्रू. गाडीच्या डिक्कीत फिल्म एक तासही ठेवू नका. मार्चच्या दुपारी डिक्कीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जातं, त्याने रंगीत फिल्मचे थर असमान बिघडतात आणि सावल्यांना रंगाची झाक येते. ती नंतर नीट काढता येत नाही. न वापरलेले रोल हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. वापरण्याआधी किमान तासभर डबा न उघडता बाहेर ठेवा, म्हणजे फिल्मवर दव धरणार नाही. कूलरसमोर कॅमेरा किंवा फिल्म नको. ती हवा थंड असली तरी ओली असते आणि लेन्सच्या बुरशीला तेच हवं असतं. बाहेर फिरताना ओल्या कापडात गुंडाळलेल्या पाण्याच्या बाटलीशेजारी, पण वेगळ्या प्लास्टिक पिशवीत रोल ठेवला की पुरतं. कोरड्या हवेत रोल झपझप गुंडाळला तर स्थिर वीज तयार होऊन फिल्मवर विजेसारख्या रेषा उमटतात, म्हणून रिवाइंडची कळ सावकाश फिरवा. मेट्रो आणि रेल्वे स्थानकावरच्या एक्स-रे यंत्रातून एखाददुसऱ्या वेळी २०० ची फिल्म गेली तर बिघडत नाही, पण परिणाम साठत जातो. रोज त्याच पिशवीत रोल घेऊन जाऊ नका. वेगवान, म्हणजे जास्त आयएसओची फिल्म असेल तर हाती तपासण्याची विनंती करा.

खोलीवर ब्लॅक अँड व्हाइट धुणं अगदी शक्य आहे. अडचण एकच, पाण्याचं तापमान. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये ३५ अंशांच्या आसपास असू शकतं आणि डेव्हलपरचे (फिल्मवर प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणाचे) आकडे २० अंशांसाठी असतात. इथे माठ कामाला येतो. नागपूरच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी खोलीपेक्षा बरंच गार होतं, बहुधा २२ ते २५ अंश. थर्मामीटरने मोजा, अंदाज नको. एचपी५ प्लसला आयडी-११ हा डेव्हलपर एकास एक पातळ केल्यावर २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ अंशांना सुमारे ९. २० वर उतरवण्यासाठी बर्फाशी झटापट करण्यापेक्षा २४ वर स्थिर राहणं चांगलं. वेळ पाच मिनिटांखाली गेली तर मात्र डेव्हलपिंग असमान होतं. बर्फ वापरायचाच तर पिशवीत बांधून बाहेरच्या टबमध्ये टाका, द्रावणात नाही.

एका रोलला डेव्हलपिंगच्या छोट्या बंद टाकीत ३०० मिली लागतात: १५० स्टॉक (डेव्हलपरचं मूळ, पातळ न केलेलं द्रावण), १५० पाणी, वापरून फेकायचं. पहिल्या १० सेकंदांत चार वेळा उलटंपालटं करा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर हलकेच आपटा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून निगेटिव्हवर गोल पारदर्शक डाग राहतात आणि फोटोत ते काळे येतात. स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) १० सेकंद. एकास चार पातळ रॅपिड फिक्सर (प्रतिमा कायम करणारं द्रावण) ३ ते ५ मिनिटं. फिक्सरवर शंका असेल तर फिल्मच्या जिभेचा, म्हणजे रोलच्या बाहेर आलेल्या टोकाचा, कापलेला तुकडा त्यात टाका. तो पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ द्यायचा.

चूक बहुतेक यापुढे होते. डेव्हलपर २४ अंशांना आणि धुवायला सरळ नळाचं ३५ अंशांचं पाणी. ओला थर मऊ असतो. त्याला सहज ओरखडे पडतात आणि तापमानाच्या धक्क्याने त्यावर जाळी पडू शकते. म्हणून सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी आधीच मोजून एकाच टबात ठेवा. धुण्यासाठी टाकी भरून ५ वेळा उलटा, पाणी बदला, मग १० वेळा, पुन्हा बदला, मग २० वेळा. एवढं पुरतं, दीड लिटरच्या आत काम होतं. वसतिगृहात बोअरचं जड पाणी असेल तर शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्या आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी सपाट निथळवणाऱ्या द्रावाचे) एक-दोन थेंब टाका, नाहीतर पांढरे डाग राहतात.

टाकीतल्या रीलवर फिल्म चढवण्याचं काम सकाळी करा. दुपारी चेंजिंग बॅगमध्ये (प्रकाश न शिरणाऱ्या, हात घालायच्या पिशवीत) हाताला घाम सुटतो आणि फिल्म प्लास्टिकच्या रीलला चिकटून अर्ध्यात अडते. तसं झालं तर ओढू नका. सगळं टाकीत बंद करा, हात पुसा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा.

वाळवायला न्हाणीघर. आधी गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसवा, पंखा बंद, दार बंद, खाली चिमटा लावून फिल्म लटकवा. कूलर सुरू असलेल्या खोलीत वाळवू नका, तिथे धूळ आणि तुषार दोन्ही चिकटतात. रंगीत रोल घरी धुवायची घाई नको. त्याला ३८ अंश लागतात आणि एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या जवळपास असतं, म्हणून मोह होतो. पण तिथे अर्ध्या अंशाच्या फरकानेही रंग हलतात, त्यामुळे तापमान धरून ठेवणारं साधन हवंच. रोल लॅबला पाठवा. कुरिअर करायचा असेल तर सोमवारी, म्हणजे तो शनिवार-रविवार तापलेल्या गोदामात पडून राहणार नाही.

प्रत्येक फ्रेमचा क्रमांक, झाड, वेळ, आकडे आणि सूर्य कुठल्या बाजूला होता हे वहीत लगेच लिहा. तळहाताच्या मीटरचा अंदाज बसतोय की नाही हे त्या वहीशिवाय कळणार नाही. आयडी-११ चा स्टॉक काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या भरलेल्या बाटलीत सुमारे महिनाभर. तेव्हा एक लिटर बनवलात तर तो लहान बाटल्यांत वाटून ठेवा. निगेटिव्ह सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घाला. जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत त्या आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा.